कॅन्सर लिव्हरमध्ये ‘उतरला’ म्हणजे नेमके काय झाले?

वाचकहो, काविळीवरचा लेख छापून आल्यावर बरीच पत्रे आली. रोह्याहून आलेल्या एका पत्रातला प्रश्न आज उत्तरासाठी घेतो. हा प्रश्न पुष्कळांच्या मनात असतो, पण दवाखान्यात तो विचारायला सहसा कोणी धजत नाही. पत्रात लिहिले आहे, “वडिलांच्या मोठ्या आतड्यात कॅन्सरची गाठ निघाली. सोनोग्राफीत लिव्हरमध्येही गाठी दिसल्या. म्हणजे त्यांना दोन कॅन्सर झाले का? वडील माळकरी आहेत, आयुष्यात दारूला शिवले नाहीत. मग लिव्हर कसे बिघडले?”

दोन नव्हेत, कॅन्सर एकच आहे. आतड्यातल्या गाठीपासून काही पेशी सुटल्या, रक्ताबरोबर लिव्हरमध्ये म्हणजे यकृतात गेल्या आणि तिथे रुजल्या. यकृतातल्या त्या गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर तिथे आतड्याच्या पेशी दिसतात, यकृताच्या नव्हे. पेणचा माणूस नोकरीसाठी मुंबईत खोली घेऊन राहिला म्हणून तो मुंबईचा होत नाही, पेणचाच राहतो. तसेच हे आहे. म्हणूनच यकृतात गाठी असल्या तरी औषध आतड्याच्या कॅन्सरचे दिले जाते. यकृताचा स्वतःचा कॅन्सरही असतो. तो बहुधा हिपॅटायटिस बी किंवा सी, दारू, वा यकृत कठीण होण्याचा आजार यांतून उद्भवतो. हे दोन्ही वेगळे. तेव्हा पत्रलेखकाच्या वडिलांनी दारू घेतली नाही हे उत्तमच, पण इथे दारूचा प्रश्नच नाही.

पेशी यकृतातच का जातात?

यकृत पोटात उजवीकडे, बरगड्यांच्या आडोशाला असते. वजन साधारण दीड किलो. दर मिनिटाला सुमारे दीड लिटर रक्त त्यातून वाहते. यातला पाव हिस्सा हृदयाकडून शुद्ध रक्तवाहिनीने येतो. उरलेला पाऊण हिस्सा ‘पोर्टल’ नावाच्या शिरेने येतो. ही शीर जठर, लहान व मोठे आतडे, स्वादुपिंड आणि प्लीहा या सर्वांचे रक्त गोळा करून प्रथम यकृताच्या स्वाधीन करते. आपण खाल्लेले पचले की ते आधी यकृताच्या नजरेखालून जाते, मग अंगाला लागते.

निसर्गाची ही सोय मोठी शहाणपणाची आहे. परंतु आतड्यात, जठरात किंवा स्वादुपिंडात कॅन्सर झाला, तर त्याच्या सुटलेल्या पेशींनाही हाच रस्ता मिळतो. भिऱ्याच्या वीजघरातून सुटलेले पाणी कुंडलिकेच्या पात्रात जोराने येते. तेच पाणी पाटाने शेतात शिरले की त्याचा वेग मरतो आणि गाळ खाली बसतो. पोर्टल शिरेतले रक्तही यकृतात शिरल्यावर केसाहून कितीतरी बारीक अशा पोकळ्यांतून संथपणे झिरपते. कॅन्सरची पेशी अडकते ती इथेच.

आपल्या भागात तंबाखू-मशेरीमुळे होणारा तोंडाचा कॅन्सर पुष्कळ दिसतो. तो आधी मानेतल्या गाठींत उतरतो, कारण तोंडातला लसिकेचा प्रवाह तिकडे जातो. गुदद्वाराजवळच्या भागातले काही रक्त पोर्टल शिरेला न मिळता सरळ हृदयाकडे जाते, म्हणून तिथला कॅन्सर फुप्फुसातही पोचू शकतो. पाणी जाईल तिकडे बी जाते.

बी आणि जमीन

पण नुसता रस्ता पुरत नाही. स्टीफन पॅजेट या लंडनच्या शल्यविशारदांनी १८८९ मध्ये स्तनाच्या कॅन्सरने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी तपासल्या. यकृतात गाठी वारंवार होत्या, प्लीहेत मात्र क्वचित. रक्त तर दोघांनाही भरपूर मिळते. तेव्हा पॅजेट यांनी असे मांडले, की वनस्पतीचे बी सगळीकडे उडते, परंतु जमीन मानवेल तिथेच ते उगवते.

आपल्या शेतकऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. गोड्या जमिनीचे बियाणे खारेपाटात टाकले तर तग धरत नाही. कॅन्सरच्या पेशींचेही तसेच आहे. गाठीपासून रोज असंख्य पेशी रक्तात सुटत असल्या तरी दहा हजारांत एखादीसुद्धा नव्या जागी मूळ धरत नाही. बाकीच्या वाटेतच मरतात. पण जी रुजते ती कशी रुजते, हे कोडे शंभर वर्षे सुटत नव्हते. अलीकडच्या संशोधनाने ते बरेचसे उलगडले आहे.

भात पेरण्याआधी आपण राब भाजतो. तण जळते, जमीन तयार होते, मग पाऊस पडला की बी पडते. कॅन्सरही असाच राब भाजून ठेवतो असे दिसून आले आहे. २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या डेव्हिड लायडन यांच्या गटाने उंदरांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. स्वादुपिंडातल्या कॅन्सरच्या पेशी अतिसूक्ष्म पुड्या रक्तात सोडतात. या पुड्या यकृतातल्या पेशी गिळतात आणि त्यामुळे यकृतात चिकट धाग्यांचे अंथरूण तयार होऊ लागते. त्या वेळी यकृतात कॅन्सरची एकही गाठ झालेली नसते. पेरणीच्या आधीच मशागत झालेली असते!

पहारेकरी कधी जिंकतात, कधी फिततात

यकृतात निरनिराळ्या पेशी असतात. त्यांचे कॅन्सरशी वागणे समजून घेण्यासारखे आहे.

पहिल्या कुप्फर पेशी. या यकृताच्या पहारेकरी. आतड्यातून आलेले जंतू गिळून टाकणे हे त्यांचे काम. कॅन्सरची एकटीदुकटी पेशी आली तर त्या तिलाही गिळतात. जोडीला रक्तातल्या मारेकरी पेशी असतात, त्याही आलेल्या पेशीला ठार करतात. पहिल्या काही तासांत बहुतेक परक्या पेशींचा निकाल इथेच लागतो. आपल्यापैकी कित्येकांच्या यकृताने अशा लढाया आपल्याला न कळता जिंकलेल्या असतील.

दुसऱ्या तारकापेशी. एरवी या शांतपणे जीवनसत्त्व ‘अ’ चा साठा सांभाळतात. जखम झाली की जाग्या होऊन धागे विणतात, म्हणजेच व्रण भरतात. कॅन्सरची पेशी आत शिरली की या तिला जखम समजतात आणि तिच्याभोवती धागे विणू लागतात. त्या धाग्यांचा कॅन्सरला आधार मिळतो. त्याच पेशी नव्या रक्तवाहिन्या फुटण्यासाठीचे रसही सोडतात. हेतू बरे करण्याचा असतो, पण उपयोग शत्रूला होतो.

तिसऱ्या मुख्य यकृतपेशी. या निव्वळ बघ्याची भूमिका घेतात असे पूर्वी वाटत असे. २०१९ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवले, की स्वादुपिंडाच्या कॅन्सरमुळे शरीरात जी सूज उठते तिचे संकेत मिळाले की यकृतपेशी स्वतःच असे पदार्थ बनवू लागतात, ज्यांनी कॅन्सरला जागा मोकळी होते.

पहारेकऱ्यांचेही पुढे असेच होते. गाठ मोठी झाली की यकृतातल्या भक्षकपेशी बाजू बदलतात. २०२१ मध्ये मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी दाखवले, की यकृतात गाठी असल्या की तिथे शिरलेल्या लढाऊ टी-पेशी या भक्षकपेशींच्या संगतीत मरून पडतात आणि सबंध शरीराची प्रतिकारशक्ती लुळी पडते. इम्युनोथेरपीची नवी, महागडी औषधे यकृतात गाठी असलेल्या रुग्णांना कमी का लागू पडतात, याचा उलगडा यातून बराचसा होतो.

यकृतातल्या सगळ्या गाठी सारख्या वाढत नाहीत. काहींच्या भोवती धाग्यांचे जाड कुंपण असते. काही मात्र बांध फोडून शेजाऱ्याच्या शेतात शिरल्याप्रमाणे यकृतपेशींना हुसकून त्यांच्याच जागेवर आणि त्यांच्याच रक्तवाहिन्यांवर पोसतात. कुंपणवाल्या गाठींचे भवितव्य तुलनेने बरे असते. काही पेशी तर येऊन नुसत्या झोपून राहतात. स्तनाचे ऑपरेशन होऊन दहा-पंधरा वर्षे ठणठणीत असलेल्या बाईच्या यकृतात गाठ निघते ती या झोपलेल्या पेशींमुळे. म्हणून ‘आता काही होत नाही’ म्हणून तपासणी चुकवू नये.

यकृत तक्रार का करत नाही?

यकृताच्या आतल्या भागाला वेदना कळत नाही. दुखते ते त्याच्या वरच्या पातळ आवरणाला ताण बसला तर. शिवाय यकृताची क्षमता गरजेपेक्षा फार जास्त असते. त्यामुळे गाठी असूनही रक्ताचा लिव्हरचा रिपोर्ट ठीक येऊ शकतो, भूकही लागते. कावीळ, पोटात पाणी, पायावर सूज, वजन उतरणे ही लक्षणे बरीच उशिरा येतात. ‘लिव्हरचे टॉनिक’ घेऊन यातले काहीही थांबत नाही.

तेव्हा यकृताच्या हाकेची वाट पाहू नये. मूळ गाठ जिथे आहे तिथली हाक ऐकावी.

‘गणपती होऊ दे, मग बघू’

माझा दवाखाना पेणला. आठवड्यातले दोन दिवस मी रोह्याला बसतो. दोन्हीकडे एक वाक्य वर्षानुवर्षे ऐकतो आहे. पेणला ‘गणपती होऊ दे, मग बघू’. रोह्याकडे ‘लावणी आटपू दे’, नाहीतर ‘कापणी-झोडणी होऊ दे’. धाटावच्या कारखान्यातला कामगार म्हणतो, ‘रजा शिल्लक नाही’. कारणे खरी असतात. ज्याचे वर्षाचे पोट चार महिन्यांच्या कामावर आहे त्याला नावे ठेवण्याचा आपल्याला अधिकार नाही. पण कॅन्सरला हंगाम कळत नाही.

गणपतीच्या कारखान्यात आखणी करणारे एक कारागीर होते. वय पन्नाशीचे. शौचावाटे रक्त पडत होते. मूळव्याध समजून मेडिकलमधून मलम आणून लावीत राहिले. मूर्ती रवाना झाल्या, अनंत चतुर्दशी झाली, तेव्हा ते आले. आठ महिने गेले होते. दुर्बिणीच्या तपासणीत मोठ्या आतड्यात गाठ निघाली आणि यकृतात दोन गाठी. सुदैवाने दोन्ही यकृताच्या एकाच बाजूला होत्या. आतड्याचे ऑपरेशन, किमोथेरपी आणि मग यकृताचा तो भाग काढणे, असे वर्ष गेले. आज ते पुन्हा आखणीला बसतात, तपासणीची तारीख मात्र चुकवत नाहीत.

दुसऱ्या एका बाईंचे तसे झाले नाही. डोळे पिवळे झाले तेव्हा घरच्यांनी काविळीची माळ घातली, नाकात थेंब सोडून कावीळ ‘उतरवली’. कापणी संपल्यावर त्यांना रोह्याच्या दवाखान्यात आणले. तोवर अंगाला सतत खाज सुटत होती आणि शौचाचा रंग पांढरट झाला होता. पित्ताशयाचा कॅन्सर यकृतात सर्वदूर पसरला होता. वेदना कमी करण्यापलीकडे फारसे काही हाती राहिले नव्हते. माळेने कावीळ वाढली असे मी म्हणत नाही. माळेत दोन महिने गेले, एवढेच म्हणतो.

‘शस्त्र लागले की कॅन्सर पसरतो’

ही समजूत इतकी पक्की आहे की तपासणीला तुकडा काढायचा म्हटले तरी नातेवाईक रुग्णाला उचलून घरी नेतात. सुईच्या तपासणीने कॅन्सर पसरण्याची शक्यता अत्यंत अल्प असते. सुई लावायची की नाही आणि कोठे लावायची हे कॅन्सरतज्ज्ञ ठरवतात. काही रुग्णांत तर यकृताला सुई न लावताच निर्णय घेतला जातो. पण तपासणी न करता घरी बसणे हा पसरण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे.

शास्त्रज्ञांनी ही शंका हसण्यावारी नेलेली नाही. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाचे डॉ. राजेंद्र बडवे व त्यांच्या सहकाऱ्यांनी देशातल्या ११ केंद्रांमध्ये यावर प्रयोग केला. स्तनाच्या सुरुवातीच्या अवस्थेतल्या कॅन्सरचे ऑपरेशन करण्यापूर्वी काही मिनिटे गाठीभोवती बधिरीचे इंजेक्शन द्यायचे, एवढाच उपाय. टाके घालताना आम्ही जे लिग्नोकेन वापरतो तेच हे औषध. पंधराशेहून अधिक स्त्रियांचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. इंजेक्शन न दिलेल्या स्त्रियांपैकी ८६.४ टक्के पाच वर्षांनी हयात होत्या, दिलेल्यांपैकी ९०.१ टक्के. दूरच्या अवयवांत कॅन्सर निघण्याचे प्रमाणही कमी झाले. शंभरातल्या आणखी तीन-चार बायका, आणि तेही अगदी स्वस्त औषधाने! यातून दोन गोष्टी दिसतात. ऑपरेशन हाच उपचाराचा पाया आहे, आणि पसरण्याची वाट अडवण्याचे उपाय आपल्याच मुंबईत शोधले जात आहेत.

आपल्या जिल्ह्याचाही यात वाटा आहे. डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९५२ मध्ये परळला उभारलेले कॅन्सर संशोधन केंद्र पुढे २००२ मध्ये पनवेल तालुक्यातील खारघरला आले. तेच आजचे टाटा स्मारक केंद्राचे ‘ॲक्ट्रेक’. तिथे संशोधनाबरोबर रुग्णांवर उपचारही होतात. पेणच्या माणसाला त्यासाठी परळपर्यंत जावेच लागते असे नाही.

यकृतात गेला म्हणजे संपले का?

पूर्वी बहुतेक वेळा तसेच होते. आज सरसकट तसे म्हणता येत नाही. कोणता कॅन्सर, किती गाठी आणि कोठे, यावर सगळे अवलंबून आहे. आतड्याच्या कॅन्सरच्या मोजक्या गाठी असतील तर ऑपरेशनने काढता येतात. यकृत निरोगी असेल तर त्याचा सत्तर टक्क्यांपर्यंत भाग काढला तरी उरलेला भाग काही आठवड्यांत आणि महिन्यांत वाढून काम सांभाळतो. शरीरातल्या दुसऱ्या कोणत्याही मोठ्या अवयवाला हे साधत नाही. अशा निवडक रुग्णांपैकी दहांतले सुमारे चार पाच वर्षांनंतरही हयात असतात. लहान गाठी सुई घालून उष्णतेने जाळताही येतात. सुरुवातीला काढता न येणाऱ्या गाठी किमोथेरपीने लहान झाल्यावर काढता येतात. स्तनाच्या काही प्रकारच्या कॅन्सरमध्ये यकृतात गाठी असूनही हार्मोनच्या गोळ्यांवर बाई काही वर्षे घरकाम करू शकते.

स्वादुपिंडाचा किंवा पित्ताशयाचा कॅन्सर यकृतात गेला तर चित्र कठीण असते, हे लपवू नये. तेव्हाही दुखणे, उलट्या, खाज यांवर चांगले उपाय आहेत. ‘आता काही करता येत नाही’ असे ऐकून रुग्णाला अंधाऱ्या खोलीत एकटे ठेवू नका. त्याच्याजवळ बसा.

एवढे लक्षात ठेवा

१. शौचावाटे रक्त पडत असेल तर ती बहुधा मूळव्याधच असते. पण चाळिशीनंतर डॉक्टरांकडून बोटाने व दुर्बिणीने तपासून घेतल्याशिवाय तसे गृहीत धरू नये.

२. शौचाची सवय अचानक बदलली, कधी बद्धकोष्ठ कधी जुलाब, आणि हे तीन आठवड्यांपेक्षा जास्त चालले, तर तपासावे.

३. पन्नाशीच्या पुरुषाच्या अंगात रक्त कमी निघाले तर नुसते लोहाचे टॉनिक पिऊ नये. रक्त कोठे जाते आहे ते शोधावे.

४. पोट न दुखता झालेली कावीळ, अंगाला खाज, पांढरट शौच, यांत आधी सोनोग्राफी करावी. माळ घालायची तर घाला, पण सोनोग्राफीनंतर.

५. स्तनातली न दुखणारी गाठ सर्वांत आधी दाखवावी. दुखत नाही म्हणून ती निरुपद्रवी नसते.

६. कॅन्सरचे उपचार झाल्यावर दिलेल्या तारखेला तपासणीस जावे, तब्येत कितीही चांगली असो.

७. खर्चाला घाबरून घरी बसू नये. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरची बरीच ऑपरेशने व किमोथेरपी येते. शिधापत्रिका आणि आधार कार्ड घेऊन योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटावे.

यकृताच्या पेशी पहिल्या दिवसापासून आपल्या बाजूने लढत असतात. काही महिन्यांनी त्यातल्याच काही नाइलाजाने शत्रूची चाकरी करू लागतात. मधले महिने तेवढे आपल्या हातात असतात. ते लेपात, माळेत आणि ‘मग बघू’ म्हणण्यात घालवू नका. यंदा घरात कोणी ‘गणपती होऊ दे’ म्हणाले, तर त्याला गणपतीच्या आधीच तपासायला घेऊन या.